डोस उतरताना

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, चोविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. तेव्हापासून तो गोळ्या घेतो आहे. गेल्या काही वर्षांत त्याच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर मॅडमच्या देखरेखीखाली त्याचा डोस हळूहळू निम्म्याच्याही खाली आला. आमच्या स्वमदत गटात आजारातून वाट काढणाऱ्याला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मी दादाची शुभंकर. डॉक्टर नाही, नर्सही नाही. साताऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवते.

गटाची बैठक संपली की कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतं, "ताई, तुमच्याकडे गोळी कशी कमी केली?" दारात चपला घालता घालता या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे. हे वाचून कुणी घरातली गोळी परस्पर बंद करू नये, एवढी विनंती आधीच करते. बाकी सगळं आमच्या घरात जसं उमगत गेलं तसं.

1. गोळीचे उपकार मान्य करूनच ती कमी करायला घ्यावी.

आजाराच्या पहिल्या वर्षी दादाला वाटायचं की रेडिओवरच्या बातम्या आपल्याचबद्दल आहेत. शेजाऱ्यांनी टाकीत काहीतरी कालवलंय म्हणून तो भर उन्हाळ्यात पाण्याला शिवायचा नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांनी तो आपल्या हातानं माठातलं पाणी घेऊन प्यायला. आई देवापुढे जाऊन बसली. 1952 मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात झां दले आणि पिएर देनिकेर यांनी मनोरुग्णांवर क्लोरप्रोमाझिन वापरलं आणि या औषधांचं युग सुरू झालं. दादा त्याआधीच्या काळात आजारी पडला असता तर त्याचं आयुष्य कुठल्या भिंतीआड गेलं असतं, याचा विचारही मला सोसत नाही. 2012 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 65 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. औषध चालू ठेवलेल्यांपैकी 27 टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला. औषधाऐवजी साधी गोळी दिलेल्यांपैकी 64 टक्क्यांचा. गणिताची बाई म्हणून मी या आकड्यांकडे पुन्हा पुन्हा पाहिलं. औषध राखण करतं हे त्यात स्वच्छ दिसतं. औषध चालू असूनही चौघांतल्या एकाचा आजार उलटतो आणि औषधावाचून तिघांतला एक वर्षभर तग धरतो, हेही त्यातच दिसतं. यातला नेमका कोण आपला, हे मात्र कुठलाच आकडा सांगत नाही.

2. शांत असणं म्हणजे बरं असणं नव्हे.

आजार पेटलेला असतो तेव्हा घरातले सगळे जागे असतात. तो विझला की प्रत्येक जण आपापल्या कामाला लागतो, आणि गोळी मात्र पेटलेल्या दिवसांचीच राहते. ओपीडीत बाहेर पन्नास माणसं ताटकळत असतात. आत विचारलं जातं, "काही त्रास? झोप लागते? जेवतो?" आपण म्हणतो, "त्रास काही नाही, शांत आहे." जुन्याच गोळ्या पुढच्या महिन्यांसाठी लिहून मिळतात. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. आरडाओरडा करणाऱ्या पेशंटकडे लक्ष जातं, गप्प बसलेल्याकडे जात नाही. दादा सकाळी अकराला उठायचा, जेवायचा, पुन्हा आडवा व्हायचा. संध्याकाळी ओट्यावर बसायचा. कुणी बोललं तर "हं" म्हणायचा. तो शांत आहे याचाच आम्हाला केवढा तरी आधार होता. डॉक्टर मॅडम नव्यानं आल्या तेव्हा त्यांनी फाईल मिटून दादालाच विचारलं, "दिवसभरात तुम्हाला काय करावंसं वाटतं?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वाटतच नाही काही." त्या दिवशी डोसाचा विषय पहिल्यांदा निघाला.

3. गोळीची किंमत शरीर चुकती करत असतं, आणि त्याचा हिशेब फाईलमध्ये सहसा नसतो.

ओलान्झापिननं दादाचं पोट सुटलं, मग साखर वाढली, मग साखरेची गोळी आली. आधीच्या काळात तो हॅलोपेरिडॉलवर होता तेव्हा हात थरथरायचे. बशीत ओतलेला चहा ओठांपर्यंत जाईतो निम्मा सांडायचा. त्या कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू झालं, त्यानं तोंड कोरडं पडायचं आणि विसरायला व्हायचं. स्किझोफ्रेनियाच्या या औषधांमुळे काहींना वर्षानुवर्षांनी ओठांची, जिभेची आपोआप हालचाल सुरू होते आणि ती कधी कधी गोळी थांबवूनही जात नाही. गटात अशा काकू आहेत. त्या सतत काहीतरी चघळत असल्यासारख्या दिसतात आणि म्हणून लग्नकार्याला जात नाहीत. दादाचं सगळ्यांत मोठं नुकसान मात्र कुठल्याच तपासणीत दिसलं नसतं. आजाराआधी तो एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. गोळ्यांच्या वर्षांत त्याला सलग एक परिच्छेद वाचता येईना. पेपर उघडायचा, पहिल्या पानावर नजर ठेवायचा आणि तसाच घडी करून ठेवायचा. हे सगळं गोळीमुळेच होतं असंही नाही. हा आजारही एकाग्रता खातो, उमेद खातो. कशानं किती खाल्लं, हे कळायला डोस थोडा हलवून पाहण्यावाचून दुसरी वाट नव्हती.

4. घराला हवं असतं ते आणि ज्याची गोळी त्याला हवं असतं ते, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मॅडमनी आम्हा दोघांना वेगवेगळा कागद दिला आणि लिहायला सांगितलं: तुम्हाला काय हवं आहे आणि कशाची भीती वाटते. मी लिहिलं, पुन्हा ॲडमिट करायची वेळ येऊ नये. दादानं लिहिलं, सकाळ हवी आहे. भीतीच्या रकान्यात मी लिहिलं, पुन्हा तेच आवाज. त्यानं लिहिलं, असंच म्हातारं व्हायची. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. माझा कागद खोटा नव्हता. पोलिसांच्या गाडीतून भावाला नेलेलं ज्यानं पाहिलं आहे त्याला दुसरं काही सुचणार नाही. पण त्याच्या सकाळच्या बदल्यात आम्ही आमची रात्रीची झोप घेत होतो, हे मला त्या टेबलापाशी दिसलं. तेव्हापासून कुठलाही निर्णय घेताना ते दोन कागद काढून बघायची आम्हाला सवय लागली. मॅडमनीही त्यांच्या प्रती फाईलला लावल्या. डोस कमी करायचा तो या दोन कागदांमध्ये काही मेळ बसतो का हे पाहण्यासाठी, हे एकदा ठरल्यावर पुढची बरीच भांडणं वाचली.

5. संशोधन कुणाची बाजू घेत नाही. ते फक्त जोखीम मोजून हातात देतं.

मी वाचायला बसले तेव्हा मला "कमी करा" किंवा "करू नका" असं एका शब्दाचं उत्तर हवं होतं. नेदरलँड्समध्ये लेक्स वुंडरिंक आणि सहकाऱ्यांनी पहिल्याच झटक्यातून सावरलेल्यांचा अभ्यास केला. काहींचं औषध कमी किंवा बंद केलं, काहींचं चालू ठेवलं. पहिल्या दीड वर्षात कमी केलेल्यांचा आजार दुपटीनं उलटला. सात वर्षांनी, 2013 मध्ये, त्याच लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली: कमी केलेल्या गटात 40.4 टक्के लोक लक्षणं आणि जगणं या दोन्ही बाबतींत सावरलेले होते, चालू ठेवलेल्यांत 17.6 टक्के. मला आनंद झाला. मग इंग्लंडमधली 'रेडार' चाचणी आली, जोआना मॉनक्रिफ यांच्या नेतृत्वाखालची, 2023 मध्ये छापलेली. त्यात दादासारखी, आजार जुना झालेली 253 माणसं होती. दोन वर्षांनी हळूहळू डोस कमी केलेल्यांचं सामाजिक जगणं इतरांपेक्षा सुधारलेलं दिसलं नाही, आणि गंभीर झटका आलेल्यांचं प्रमाण 25 टक्के होतं; डोस तसाच ठेवलेल्यांत 13 टक्के. फिनलंडमध्ये सुमारे 62 हजार रुग्णांच्या वीस वर्षांच्या नोंदींत औषध घेणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा कमी निघालं. हे सगळं मी दादाला वाचून दाखवलं, काहीही न लपवता. तो म्हणाला, "म्हणजे माझ्यासारख्या चौघांत एकाला गंभीर त्रास होतो. उरलेल्या तिघांना होत नाही." मी म्हटलं, "पण गोळी तशीच ठेवली तर आठांत एकालाच होतो." तो म्हणाला, "ठाऊक आहे. तरी बघू या." जोखीम त्याला समजली होती आणि ती तो पत्करत होता. आम्ही एवढी वर्षं त्याला काही समजत नाही असं धरून चाललो होतो.

6. डोसाचं गणित सरळ रेषेत चालत नाही.

वीसची गोळी दहा केली म्हणजे परिणामही निम्मा होतो, असं कुणालाही वाटेल. मलाही गणित शिकवत असून तसंच वाटायचं. ही औषधं मेंदूतल्या डोपामिनच्या ग्राहींवर, म्हणजे रिसेप्टर्सवर, जाऊन बसतात. मोठ्या डोसाला बहुतेक जागा आधीच भरलेल्या असतात, त्यामुळे वरच्या टोकाला पाच मिलिग्रॅम काढले तरी फारशा जागा रिकाम्या होत नाहीत. खाली मात्र चित्र उलटतं. ओलान्झापिन पाचवरून शून्यावर आणलं तर सुमारे निम्म्या जागा एकदम मोकळ्या होतात. म्हणून खाली जाऊ तशी कपात लहान लहान करावी आणि दोन कपातींमध्ये महिनोन्‌महिने थांबावं, अशी मांडणी मार्क होरोविट्झ, रॉबिन मरे आणि डेव्हिड टेलर यांनी 2021 मध्ये केली. आमच्या मॅडमनी तीच वाट धरली. अडचण आली ती मेडिकलच्या दुकानात. ओलान्झापिनची सगळ्यांत लहान गोळी अडीच मिलिग्रॅमची मिळते; त्याहून कमी हवं तर ती तोडायची. सगळ्याच गोळ्या तोडून चालत नाहीत, सावकाश विरघळणाऱ्या तर मुळीच नाहीत, हे आधी विचारून घेतलं. मग दर रविवारी दादा स्वयंपाकघरात स्टीलची ताटली आणि गोळी कापायची छोटी डबी घेऊन बसायचा. अर्धुक डब्यात, उरलेलं अर्धुक दुसऱ्या दिवसाच्या कप्प्यात. भुगा झाला तर ती गोळी बाजूला. चष्मा कपाळावर चढवून, दोन्ही तुकडे नाकाशी धरून तो सारखे आहेत का ते बघायचा. एवढ्या बारकाईनं काही करताना मी त्याला फार वर्षांनी पाहत होते.

7. गोळी सुटण्याचा त्रास आणि आजाराची उचल सुरुवातीला अगदी सारख्या दिसतात.

एका कपातीनंतर आठवडाभरात दादाची झोप गेली. मळमळ, घाम, पाय एका जागी ठरेनात. आईनं लगेच कपाळाला हात लावला, "वाढलं त्याचं!" मॅडमनी तीन गोष्टी विचारल्या: कधी सुरू झालं, आधी कधी असं झालं होतं का, आणि जुने भास किंवा संशय आहेत का. कपातीनंतर काही दिवसांतच सुरू झालेला, अंगाला जाणवणारा त्रास बऱ्याचदा औषध सुटण्याचा असतो आणि ओसरतो. खरा आजार बहुधा सावकाश येतो, कधी काही महिन्यांनी, आणि आपल्या जुन्या खुणा घेऊन येतो. पण मॅडमनी हेही स्पष्ट सांगितलं की दोन्ही एकात एक मिसळलेलं असू शकतं, आणि औषध सुटण्याचा धक्काच आजाराला जागं करू शकतो. त्यामुळे थांबून बघायचं, रोज फोन करायचा, आणि गरज पडली तर एक पायरी वर जायचं. आम्ही वर गेलो. चार-पाच दिवसांत झोप परतली. वर जावं लागलं म्हणून दादा खट्टू झाला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता आपल्याला कळलं की तुमचं शरीर एवढी मोठी उडी घेत नाही. पुढची लहान घेऊ." त्यानंतर वर-खाली होण्याला आमच्या घरात कुणी यश-अपयश म्हटलं नाही.

8. पाळत ठेवणं आणि लक्ष असणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

डोस उतरायला लागला तशी आई दादाच्या प्रत्येक हालचालीकडे बघू लागली. तो हसला की "का हसलास?", गप्प बसला की "काय झालं?" घरातली सततची टीका आणि अति काळजी या आजारात झटक्याची शक्यता वाढवते, हे लंडनमधल्या संशोधकांनी 1970च्या दशकातच दाखवून दिलं आहे. आईचं प्रेमही त्याला जड होत होतं. मग दादानंच एक यादी केली. आपलं बिघडायला लागतं तेव्हा आधी काय होतं ते त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं: सलग दोन रात्री झोप नाही, दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासणं, मोबाईल कपाटात ठेवणं, मासिकांत आपल्यासाठी खुणा आहेत असं वाटणं. यादीखाली त्यानं लिहिलं, यातलं काही दिसलं तर ताईनं मला सांगावं, आईनं ताईला सांगावं. दादा मला ताईच म्हणतो, मी धाकटी असूनही. त्या कागदाची प्रत फ्रिजच्या दाराला लावली. यादीत नसलेल्या गोष्टींची चौकशी बंद झाली. आईला ते फार जड गेलं, पण तिनं पाळलं. एकदा कडीचं लक्षात आलं तेव्हा मी फक्त म्हटलं, "दादा, यादीतलं दुसरं." तो म्हणाला, "हो, मलाही वाटलं. मॅडमना फोन लाव." पूर्वी अशा वेळी आम्ही त्याला न सांगता फोन करायचो.

9. गोळीच्या आजूबाजूच्या गोष्टीही गोळीइतक्याच बोलतात.

दादा सिगारेट ओढायचा. ती सोडायचं त्याच्या मनात आलं तेव्हा आम्ही पेढेच वाटणार होतो. मॅडम म्हणाल्या, आनंदाचीच गोष्ट आहे, पण आधी मला सांगा. सिगारेटच्या धुरामुळे यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन लवकर फोडतं. सिगारेट सुटली की तोच डोस रक्तात जास्त साठतो. म्हणजे सिगारेट सोडताना गोळीचं प्रमाण आपोआप वर गेल्यासारखं होतं. आणि चांगला चाललेला माणूस ताणाच्या दिवसांत पुन्हा टपरीवर गेला तर ते नकळत खाली येतं. कंपावरच्या ट्रायहेक्सिफेनिडिलकडेही लक्ष ठेवावं लागतं. मुख्य गोळी कमी झाली म्हणून तीही एकदम सोडून चालत नाही, तिचीही वेगळी सावकाश कपात करावी लागते. दोन्ही एकाच आठवड्यात कधीच हलवायच्या नाहीत, असा मॅडमचा नियम होता. नाहीतर काही बिनसलं तर कशानं ते कळणार कसं? परीक्षेचे दिवस, घरातलं लग्न, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, या काळात डोसाला हात लावायचा नाही, हेही ठरलेलं. आमची कपात कॅलेंडर बघून चालायची.

10. भावना परत येतात तेव्हा दुःखही येतं, आणि ते आजार नसतं.

याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. डोस बराच खाली आल्यावर एका दुपारी दादा अण्णांच्या, आमच्या वडिलांच्या, फोटोपुढे उभा राहून रडू लागला. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते गेले तेव्हा दादानं खांदा दिला होता, तेराव्याला पंगतीत वाढलंही होतं, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. नातेवाईक म्हणाले होते, त्याला काही कळत नाही. आता तो त्यांच्या चपलांविषयी बोलत होता, छापखान्यात लागल्यावर त्यांनी घेऊन दिलेल्या पेनाविषयी बोलत होता. माझा हात फोनकडे गेला. मग मी तो मागे घेतला आणि त्याच्याशेजारी बसले. पुढच्या भेटीत मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, वडील गेल्यावर माणूस रडतो. याला लक्षण म्हणू नका. पुढचे काही महिने असेच गेले. गेलेली नोकरी, न झालेलं लग्न, मित्रांची मोठी झालेली मुलं, सगळं एकामागून एक त्याच्या समोर येऊन उभं राहिलं. काही रात्री मला वाटलं, याला हे सगळं जाणवू न देणारी गोळीच बरी होती का? मी त्याला विचारलंही. तो म्हणाला, "माझंच आहे ना ते." त्या काळात मॅडमनी डोस हलवला नाही आणि त्याला समुपदेशकाकडे पाठवलं. नुसती गोळी कमी करून भागत नाही. तिनं झाकलेलं जे उघडं पडतं, त्याच्यासाठी कुणीतरी बसायला लागतं.

11. ही वाट सगळ्यांची नाही, आणि न चालण्याचा निर्णयही तितकाच विचारपूर्वक असू शकतो.

गटातल्या एका आईचा मुलगा क्लोझापिनवर आहे. बाकी सगळी औषधं हरल्यावर तेच लागू पडलं. रक्ताच्या नियमित तपासण्या, लाळ, बद्धकोष्ठ, सगळं सांभाळून तो आज सकाळी दुधाची लाईन टाकतो. कमी करण्याविषयी त्या डॉक्टरांशी बोलल्या, मुलाशी बोलल्या, आणि मुलगाच म्हणाला, नको. ते औषध एकाएकी थांबवलं तर आजार फार जोरानं उसळू शकतो, हे त्यालाही माहीत आहे. दुसऱ्या एका घरात कपात नीट, सावकाश केली होती, तरी मुलगी पुन्हा ॲडमिट झाली. त्या घरानं काही चुकीचं केलं नव्हतं. जोखीम म्हणजे हेच. ती कुणाच्या तरी वाट्याला येते. म्हणून गोळी कमी करायला घेण्याआधी बिघडलं तर काय करायचं, हे ठरलेलं असावं. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं प्रत्येक सज्ञान माणसाला आपली इच्छा आधीच लिहून ठेवता येते: निर्णय घ्यायची क्षमता नसेल तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आपल्या वतीनं कोणी बोलावं. तातडीच्या उपचारांना ते लागू होत नाही, पण बाकी वेळी त्याचं वजन आहे. दादानं लिहून ठेवलं आहे. कुठलं औषध पूर्वी लागू पडलं, कुठल्या औषधानं मान अवघडली, आणि आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण. तिथं माझं नाव आहे. सही करताना तो म्हणाला, "तू घाबरून काही करू नकोस, यात लिहिलंय तसं कर."

12. कुठं थांबायचं हेही ज्याचं त्यालाच कळतं.

डोस साडेसातवर आला होता. मी मनातल्या मनात पाच, मग अडीच, मग शून्य असा तक्ता मांडून ठेवला होता. वर्गात उदाहरण पूर्ण सुटल्याशिवाय मला चैन पडत नाही. दादा आता सातला उठतो. पेपर येतो तेव्हा लाल पेन घेऊन बसतो आणि छापखान्याच्या जुन्या सवयीनं ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना गोल करतो. मथळ्यात चूक सापडली की आईला हाक मारून दाखवतो. दुपारी एका ओळखीच्या प्रकाशकाकडून आलेली मुद्रितं तपासतो, थोडीशीच, दमेपर्यंत. पाचवर जायचं पाहिलं होतं, तेव्हा झोप उडाली आणि मासिकांतल्या खुणा पुन्हा दिसायला लागल्या. आम्ही साडेसातवर परत आलो. त्यानंतरच्या भेटीत मॅडमनी विचारलं, "काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करू या का?" मी हो म्हणणार तेवढ्यात दादा म्हणाला, "नको मॅडम. इथं मला वाचता येतं आणि झोपही लागते. इथं थांबू." मॅडमनी तसं लिहिलं, त्याच्या शब्दांत.

शून्य हा आकडा त्याच्या कागदावर कधीच नव्हता. सकाळ होती, आणि ती त्याला मिळाली आहे. पुढे कधी त्याला आणखी कमी करावंसं वाटेल, कधी वर जावं लागेल, वय वाढेल तसं शरीरही वेगळं मागेल. तेव्हा पुन्हा ते दोन कागद काढू, पुन्हा मॅडमसमोर बसू. गटात मला बाजूला घेऊन विचारणाऱ्यांना मी आता एवढंच म्हणते: तुमच्या घरातला आकडा आमच्यापेक्षा वेगळा असेल, जास्त असेल, कमी असेल, कदाचित आज आहे तोच राहील. पण तो आकडा का ठरला आणि कुणी कुणी मिळून ठरवला, हे तुमच्या माणसाला स्वतःच्या तोंडानं सांगता आलं पाहिजे.